‘माझी दुकान’चं व्याकरण

(सुरत येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ आपण जमलो आहोत, त्यांचं नाव आणि काम प्रास्ताविकात सविस्तर आलं आहे. मी त्यात भर घालत नाही. सुरतेत मराठी व्याकरण शिकवणाऱ्या माणसाच्या नावाने व्याख्यान द्यायचं, तर विषय शोधायला लांब जावं लागत नाही, एवढंच म्हणतो. शिवाय सुरतेत मराठी वक्ता उभा राहिला की तो शिवाजी महाराजांच्या 1664 च्या स्वारीपासून सुरुवात करणार, अशी धास्ती इथे काहींना असेल. स्वारीचा उल्लेख झाला. आता पुढे जाऊ. (हशा)

दोन भाषा बोलणारा माणूस दुसऱ्या भाषेचं व्याकरण कसं सांभाळतो, हा आजचा प्रश्न आहे. शब्द कसे शिकतो, हे मी विचारत नाही. शब्द बाजारात मिळतात. व्याकरण बाजारात मिळत नाही, ते कुणी कुणाला देतही नाही. तरी या शहरात लाखो माणसं रोज दोन-तीन भाषांची व्याकरणं चालवतात. कशी चालवतात? आणि जिथे अडखळतात, तिथेच का अडखळतात?

माझं म्हणणं थोडक्यात असं: दुसऱ्या भाषेत माणूस जी चूक करतो, तिच्या पोटात बहुधा एक नियम असतो. तो नियम शोधला तर चूक दुरुस्त करणं सोपं जातं, आणि आपली स्वतःची भाषाही आपल्याला जास्त कळते. हे मी पाच मुद्द्यांत मांडतो.

पहिला मुद्दा: चूक कुठे होत नाही, ते आधी बघा.

रिंग रोडवरच्या कोणत्याही कापड मार्केटात जा. एखाद्या गाळ्याबाहेर उभे राहा आणि आतल्या खानदेशी तरुणाकडे कान द्या. आतल्या शेठला तो सांगतो, “शेठ, पार्टी आवी गई छे.” तेवढ्यात गावाहून आईचा फोन येतो. “माय, मी रातले येस.” फोन ठेवतो आणि टेम्पोवाल्याला ओरडून विचारतो, “भैया, माल कब निकलेगा?” मग पुण्याच्या गिऱ्हाईकाचा फोन. आवाज लगेच मऊ होतो. “हो साहेब, या ना. आमची दुकान दुसऱ्या माळ्यावर आहे.”

पाच मिनिटांत चार भाषा झाल्या: गुजराती, अहिराणी, हिंदी आणि मराठी. पण पुण्याच्या गिऱ्हाईकाच्या कानाला काय खटकलं? ‘आमची दुकान’. मनात तो लगेच म्हणाला असेल, सुरतेत राहून याचं मराठी बिघडलं.

थांबा. निकाल देण्याआधी याच तरुणाची बाकीची वाक्यं तपासू. तो ‘मोठी घर’ म्हणतो का? नाही. ‘थंड पाणी आली’ म्हणतो का? नाही. ‘चांगली कापड’? दिवसभर तो कापडातच असतो, पण कापड त्याच्या तोंडी कायम ‘चांगलं’च असतं. दूध ‘सांडलं’, सोनं ‘महागलं’, झाड ‘पडलं’. नपुंसकलिंग त्याला चोख येतं. मग एकट्या दुकानानेच काय घोडं मारलं?

उत्तर गुजरातीत आहे. मराठीसारखीच गुजरातीतही तीन लिंगं आहेत. घर, पाणी, दूध, कापड, सोनं, झाड ही सगळी नामं दोन्ही भाषांत नपुंसकलिंगी. पण दुकान मराठीत ‘ते’, गुजरातीत ‘ती’. ऑफिसचं तसंच. मराठीत ‘माझं ऑफिस’, गुजरातीत ‘मारी ऑफिस’. चहाचं बघा. मराठीत आपण चहा ‘घेतला’, गुजरातीत बहुतेक लोक चा ‘पीधी’ म्हणतात. हिंदीतही दुकान स्त्रीलिंगी, चाय स्त्रीलिंगी. म्हणजे बाजारात वावरणाऱ्या माणसाच्या कानावर दिवसभर दोन भाषांचा कौल एका बाजूने पडतो. संध्याकाळी एखादं मराठी वाक्य बोलायची वेळ आली की बहुमत जिंकतं.

जिथे दोन भाषांचं जुळतं तिथे हा माणूस कधीच चुकत नाही. जिथे फाटतं, नेमका तिथेच चुकतो. अज्ञानाला इतकी शिस्त असते का? अज्ञानी माणूस कुठेही चुकेल.

मराठी नाटक-सिनेमातला गुजराती शेठ आठवा. प्रेक्षकांना हसवण्यासाठी तो सरसकट लिंगाची गल्लत करतो, ‘पाणी आला, घर पडला’ असं बोलतो. खरा गुजराती माणूस ‘पाणी आला’ म्हणण्याचं कारणच नाही. त्याच्या भाषेत पाणी ‘आव्युं’ आणि घर ‘पड्युं’. ‘पाणी आला’ ही हिंदीभाषकाची चूक आहे, कारण हिंदीने नपुंसकलिंग टाकून दिलं आणि पानी तिथे ‘आया’. मुंबईहून दीडशे किलोमीटर उत्तरेकडच्या माणसाच्या तोंडी लेखकाने हजार किलोमीटर दूरची चूक घातली. लोकही हसले, कारण परक्याची चूक म्हणजे कसलीही चूक, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. प्रत्येकाची चूक त्याच्या गावची असते.

दुसरा मुद्दा: जवळची भाषा जास्त फसवते.

मराठी माणसाला गुजराती सोपी वाटते, गुजराती माणसाला मराठी. सोपी आहेच. ळ दोघींकडे आहे, तीन लिंगं दोघींकडे आहेत. आणखी एक मौल्यवान वस्तू दोघींकडे आहे. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे. ‘आम्ही जेवायला जातोय’ म्हटलं की ऐकणारा घरीच थांबतो, ‘आपण जेवायला जाऊ’ म्हटलं की तो चपला घालतो. गुजरातीत अगदी हेच ‘अमे’ आणि ‘आपणे’. प्रमाण हिंदीत दोघांना एकच ‘हम’. त्यामुळे मराठी माणूस गुजराती शिकतो तेव्हा हा भेद त्याला कुणी शिकवावा लागत नाही. आईने शिकवलेला आयता उपयोगी पडतो. दुसऱ्या भाषेत पहिल्या भाषेची फक्त लुडबुड होते, असं समजू नका. मदतही होते. मदतीची कुणी नोंद ठेवत नाही, कारण तिथे लाल शाई लागत नाही.

पण याच जवळिकीत सापळे आहेत. सर्वांत मोठा सापळा एका अक्षराचा आहे: ‘ने’.

मराठीत ‘ने’ करणाऱ्याला लागतो. ‘रामाने सांगितलं’, म्हणजे सांगणारा राम. गुजरातीत ‘ने’ ज्याला सांगायचं त्याला लागतो. ‘रामने कहो’, म्हणजे रामाला सांगा. आता नुकतंच मराठी शिकलेला गुजराती शेजारी तुम्हाला म्हणतो, “रामने सांगा.” तुम्ही वाट बघत बसता, की रामाने काय सांगितलं? शेजारी वाट बघत बसतो, की तुम्ही रामाला कधी सांगणार? शब्द दोघांना कळले. राम दोघांना माहीत. तरी निरोप पोचला नाही. शेजारी कानडीत बोलला असता तर तुम्ही ‘कळलं नाही’ म्हणून मोकळे झाला असता. जवळच्या भाषेत कळलं नाही हेच कळत नाही.

दुसरा सापळा बारीक आहे. तो बघायला थोडं वाकून बसावं लागेल. तीन वाक्यं घेऊ. हिंदीत: मैंने सीता को देखा. मराठीत: मी सीतेला पाहिलं. गुजरातीत: में सीताने जोई. क्रियापदांकडे बघा. हिंदीत ‘देखा’, मराठीत ‘पाहिलं’. सीता स्त्री आहे याची या दोन क्रियापदांना फिकीर नाही. सीतेला ‘ला’ लागला, ‘को’ लागला, की क्रियापद तिच्याकडे बघणं सोडून देतं. गुजराती क्रियापद मात्र तिला सोडत नाही. ‘ने’ लागला तरी सीता ती सीताच, म्हणून ‘जोई’. राम असता तर ‘रामने जोयो’.

आता मराठी माणूस गुजराती बोलताना काय करेल? ‘में सीताने जोयुं’. आणि गुजराती माणूस मराठी बोलताना? ‘मी सीताला बघितली’. दोघेही आपापला नियम काटेकोर पाळत आहेत. फक्त गाव बदललं आहे.

आणि आता गंमत ऐका. ‘आजीने नातीला झोपवली’ हे वाक्य कसं वाटतं? इथे किती जणांना खटकलं? फार हात वर झाले नाहीत. कारण असं आपण घरात बोलतो. नियमाने बघाल तर ‘झोपवलं’ हवं. आपल्या शालेय व्याकरणाने या रचनेला झकास नाव दिलं आहे, कर्म-भाव संकर. म्हणजे मराठी आजी असं बोलली की तो प्रयोगाचा एक प्रकार, आणि सुरतेचा गुजराती शेठ असं बोलला की ती चूक! नियम एकच आहे आणि मराठीच्या घरातही तो एका कोपऱ्यात जिवंत आहे. शेठच्या वाक्याने तो कोपरा आपल्याला दाखवला.

तिसरा मुद्दा: प्रत्येक भाषा वेगळी माहिती मागते.

सुरतेच्या लिंबायत भागातल्या मराठी शाळेत शिकणारी एखादी मुलगी डोळ्यासमोर आणा. बाईंना ती म्हणते, “बाई, मी उद्या लवकर येतो.” बाई म्हणतात, “अगं, येतो काय? येते म्हण.” मुलगी ‘येते’ म्हणते आणि मधल्या सुट्टीत पुन्हा ‘येतो’ म्हणते. बाई कपाळावर हात मारतात.

या मुलीच्या घरी अहिराणी बोलतात. अहिराणीत ‘मी येस’. भाऊही ‘मी येस’ म्हणतो, बहीणही ‘मी येस’. गल्लीत गुजराती. ‘हुं आवुं छुं’ हे मुलग्याचं वाक्य आणि मुलीचंही. वर्तमानकाळात स्वतःबद्दल बोलताना तू मुलगा की मुलगी, हे या दोन भाषा विचारतच नाहीत. विचारते ती वर्गातली मराठी. हिंदीही विचारते, हे खरं, पण हिंदी ती टीव्हीवर ऐकते, बोलते कमी. मग मुलीने काय केलं? पुरुषाचं रूप उचललं का? मला तसं वाटत नाही. तिने ज्यात लिंग नाही असं एक रूप शोधलं, आणि ‘येतो’ हेच ते असावं असा अंदाज बांधला. कोल्हापूरकडच्या कितीतरी बायका पिढ्यान्‌पिढ्या ‘मी येतो’ म्हणत आल्या आहेत. त्यांचं कुठे काय अडलं? इतिहासातल्या कितीतरी चुकांना नंतर बोलीचा मान मिळतो. एकट्या मुलीला तो मिळत नाही, एवढंच.

आता उलट बाजू बघू. मराठी घरातली मुलगी गुजराती घरात लग्न होऊन गेली. गुजराती तिला चांगली येते. सासूबाई आल्याचं ती सांगते: ‘मम्मी आवी.’ घरात एक क्षण शांतता. ‘मम्मी आव्यां’ म्हणायला हवं होतं. सून उद्धट आहे का? मुळीच नाही. मराठीत आदर दाखवायला आपण अनेकवचन वापरतो: ‘वहिनी आल्या’. तिनेही मनात अनेकवचनच केलं. पण गुजरातीत स्त्रीलिंगी क्रियापद अनेकवचनात बदलत नाही. छोकरी आवी, छोकरीओ आवी. आदरासाठी गुजराती स्त्रीला नपुंसकलिंगी अनेकवचन देते, ‘आव्यां’. हे मराठी मनाला कसं सुचावं? मोठ्या बाईचा मान ठेवायचा आणि त्यासाठी नपुंसकलिंग वापरायचं! सुनेने आदर दाखवला होता, पण दाखवलेला आदर त्या भाषेत दिसलाच नाही.

म्हणून मी म्हणतो, व्याकरणाची चूक कधी कधी स्वभावाची चूक समजली जाते. परकी रचना ऐकून आपण ‘भाषा कच्ची आहे’ एवढ्यावर थांबत नाही. ‘माणूस असा आहे’ इथपर्यंत जातो. द्विभाषिकाला याची किंमत रोज मोजावी लागते.

चौथा मुद्दा: हे एकट्याचं व्याकरण की साऱ्या वस्तीचं?

उरिएल वाइनराइख यांचं भाषासंपर्कावरचं पुस्तक 1953 मध्ये आलं. एका भाषेच्या सवयी दुसरीत कशा शिरतात, याचा पद्धतशीर विचार त्यात झाला. 1967 मध्ये पिट कॉर्डर यांनी शिकणाऱ्याच्या चुकांना महत्त्व दिलं. शिकणारा मनात कोणती व्यवस्था उभी करतो आहे, हे चुकांतून कळतं, असं त्यांचं प्रतिपादन. पुढे फ्रांस्वा ग्रोजाँ यांनी बजावलं की द्विभाषिक म्हणजे एका अंगात कोंबलेले दोन एकभाषिक नव्हेत. त्याची स्वतःची एक पूर्ण व्यवस्था असते. हे सगळं मोलाचं आहे. पण या अभ्यासकांच्या डोळ्यासमोर बहुतेकदा एकेक व्यक्ती होती. आपल्याकडे अख्खी गावं द्विभाषिक असतात. तिथे काय होतं?

त्यासाठी सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडला जावं लागेल. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी त्या गावावर 1971 मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला आणि कुपवाड जगभरच्या भाषाविज्ञानाच्या पुस्तकांत गेलं. गावात मराठी, कानडी आणि उर्दू पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदलेल्या. घरात आपली भाषा, चावडीवर दुसऱ्याची. निबंधाचा निष्कर्ष असा, की शब्द तिन्ही भाषांचे वेगवेगळे राहिले, पण व्याकरणं हळूहळू एकमेकींच्या इतकी जवळ आली की एका भाषेचं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता यावं. कुपवाडच्या मराठीत पुरुषाला पुल्लिंग, बाईला स्त्रीलिंग आणि उरलेल्या सगळ्याला नपुंसकलिंग, अशी कानडीच्या वळणाची वाटणी झाल्याचं त्यांनी नोंदवलं. सुमारे चाळीस वर्षांनी डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी तिथे पुन्हा काम केलं, तेव्हा चित्र इतकं सरळ नाही असं त्यांना दिसलं. तेही स्वाभाविक आहे. शाळा आल्या, प्रमाण मराठी आली, गाव बदललं.

सुरत हे कुपवाड आहे का? नाही. इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या एका जागी बसलेली नाहीत, ती येत राहतात. ताप्ती व्हॅली रेल्वेने सुरत खानदेशाशी जोडलं तेव्हापासून नंदुरबार, अमळनेर, जळगावची वाट इथे येते. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या वस्त्यांत खानदेश राहतो. महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा सात माध्यमांत चालतात: गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी. वस्ती अशी मिसळलेली आहे.

खानदेशी माणसाबाबत आणखी एक पेच आहे. त्याची ‘पहिली’ भाषा कोणती? ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणात, 1907 च्या खंडात, खानदेशीला (यातच अहिराणी आली) भिलीसोबत बसवलं आहे, मराठीच्या खंडात नाही. अहिराणीत ‘रामना’, गुजरातीत ‘रामनो’, मराठीत ‘रामाचा’. आता सांगा, कोण कुणाच्या जवळ? 2011 च्या जनगणनेत 18 लाखांहून अधिक लोकांची मातृभाषा खानदेशी नोंदली गेली. त्यांच्या मुलांना मराठी शाळेत घातलं की आपण म्हणतो, मातृभाषेतून शिक्षण चाललं आहे. खरं तर त्या मुलासाठी प्रमाण मराठी हीच दुसरी भाषा असते, आणि गुजराती काही बाबतींत तिच्यापेक्षा जवळची.

मात्र इथे एक सावधगिरी हवी. सुरतेतल्या मराठीत जे जे वेगळं दिसतं ते सगळं गुजरातीच्या माथी मारू नका. माझ्या लहानपणी ‘सुरतेला गेलो’ म्हणत, आज सर्रास ‘सुरतला’ म्हणतात. ‘झाडावर’चं गुजरातीत ‘झाड पर’ होतं, तिथे अशा नामाचं रूप बदलत नाही. मराठीत मात्र सामान्यरूप होतं. म्हणून कुणी म्हणेल, ‘सुरतला’ हा गुजरातीचा परिणाम. पण ‘सुरतला’ तर मुंबई-पुण्यातही म्हणतात, जिथे गुजरातीचा वारा लागलेला नाही अशा घरांतही म्हणतात. विशेषनामांचं सामान्यरूप मराठी स्वतःच सोडत चालली आहे. शेजाऱ्याच्या घरातून धूर आला तरी आधी आपली चूल बघावी.

प्रबोध पंडित हे मोठे गुजराती भाषावैज्ञानिक. पुण्यात त्यांनी दिलेली गुणे स्मृती व्याख्यानं 1972 मध्ये पुस्तकरूपाने आली. मुंबईतल्या एका गुजराती मसाला व्यापाऱ्याचं उदाहरण त्यांनी दिलं आहे. घरात गुजराती, भाजीबाजारात मराठी, दूधवाल्याशी हिंदी, धंद्यातल्या लोकांशी कच्छी आणि कोंकणी. व्याकरणाच्या परीक्षेत हा व्यापारी यांतल्या बऱ्याच भाषांत नापास होईल, पण एकाही प्रसंगात त्याचं अडत नाही, असा पंडितांच्या म्हणण्याचा आशय. आपल्याकडे भाषा जितकी कामाची तितकीच शिकली जाते आणि तेवढ्यापुरती उत्तम येते. ‘दोन्ही भाषा सारख्याच आल्या पाहिजेत’ ही अट पुस्तकाची आहे, बाजाराची नाही. मी बाजाराच्या बाजूचा आहे, पण पूर्णपणे नाही. का, ते शेवटी सांगतो.

पाचवा मुद्दा: व्याकरण दिसतं ते सीमेवर उभ्या असलेल्या माणसाला.

मराठीभाषक मुलाला ‘घर’ नपुंसकलिंगी का, असं विचारा. तो म्हणेल, असंच असतं. पहिल्या भाषेचं व्याकरण आपल्याला येतं, पण दिसत नाही. दिसतं ते दुसऱ्या भाषेतून आलेल्याला, किंवा दुसऱ्या भाषेत जाऊन परत आलेल्याला. आपल्या व्याकरणांचा इतिहासच तपासा. कोंकणीचं व्याकरण लिहिलं फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रजाने, आणि ते 1640 मध्ये गोव्यात राचोलला छापलं गेलं. विल्यम कॅरी यांचं मराठी व्याकरण 1805 मध्ये श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमध्ये छापलं गेलं. 1808 मध्ये रॉबर्ट ड्रमंड या ईस्ट इंडिया कंपनीच्या डॉक्टरने मुंबईत एक पुस्तक छापलं, त्यात गुजराती, मराठी आणि इंग्रजी या तिन्ही भाषांच्या व्याकरणाचे भाग एकत्र मांडले. आज ज्या दोन भाषांबद्दल आपण बोलतो आहोत, त्या दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी एका पुस्तकात शेजारी बसल्या होत्या.

आणि मग आले दादोबा पांडुरंग तर्खडकर. 1836 साली त्यांचं ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध झालं, तेव्हा ते जेमतेम 22 वर्षांचे होते. ‘मराठीचे पाणिनी’ म्हणून आपण त्यांना ओळखतो. मराठी त्यांची जन्मभाषा, पण ती नियमांत बांधताना त्यांच्यासमोर इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता. परक्या भाषेचा साचा हातात धरून त्यांनी आपल्या भाषेकडे पाहिलं, म्हणून आपली भाषा त्यांना दिसली. साचा कुठे बसत नाही तेही दिसलं. पुढच्या आवृत्त्यांत ते आपलं व्याकरण सुधारत राहिले.

हे दादोबा 1840 च्या दशकात याच सुरतेत शिक्षक होते, हे किती जणांना ठाऊक आहे? 1844 मध्ये इथे मानवधर्म सभा निघाली. तिच्या संस्थापकांत दुर्गाराम मेहताजींच्या बरोबरीने दादोबांचं नाव आहे. मराठीचा पहिला मोठा व्याकरणकार आणि गुजरातचा आद्य सुधारक या गावात एका बैठकीवर बसत होते. त्यांच्या बैठकीत कोणत्या भाषेत काय बोललं जाई आणि कोण कुणाच्या ‘ने’ला हसे, याची नोंद माझ्या वाचनात नाही. पण त्याच सुरतेच्या नर्मदने पुढे एकहाती गुजराती कोश रचला, 1873 चा ‘नर्मकोश’. भाषेची शिस्त या गावाला नवी नाही.

दुसरी भाषा मोठेपणी शिकून माणूस किती लांब जाऊ शकतो? सातारला 1885 मध्ये जन्मलेले काका कालेलकर गुजरातीत लिहायला लागले. गांधीजींनी त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हटलं, आणि 1965 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना गुजराती लेखनासाठी मिळाला. व्याकरण आईच्या दुधातूनच येतं, असं म्हणणाऱ्यांनी कालेलकर वाचावेत. मात्र त्यांना ते आपोआप आलं नाही. वाचन, लेखन, चर्चा आणि चिकित्सा करणारे सहकारी त्यांना लाभले. बाजारातल्या भाषेला हे लाभत नाही.

आणि इथेच मी बाजारापासून थोडा बाजूला होतो. ‘आमची दुकान’ म्हणणाऱ्या तरुणाचं अडत नाही, हे खरं. पण त्याच्या मुलीला उद्या मराठीत निबंध लिहायचा असेल, गुजरातीत अर्ज करायचा असेल, न्यायालयात वकिली करायची असेल, तर अडेल. तिला दोन्हीकडचं प्रमाण व्याकरण मिळालं पाहिजे. प्रमाणभाषा ही काही थोरामोठ्यांची मिरास नाही. ज्याला ती घरात मिळत नाही, त्यालाच शाळेत तिचा सर्वांत जास्त हक्क आहे. प्रश्न फक्त ती कशी द्यायची, हा आहे.

आता सारांश. पाच मुद्दे पुन्हा एकदा सांगतो. एक, द्विभाषिकाच्या चुकांना शिस्त असते. भाषा जुळतात तिथे तो चुकत नाही. दोन, जवळच्या भाषांत मदत जास्त मिळते आणि सापळेही जास्त असतात. तीन, प्रत्येक भाषा बोलणाऱ्याला वेगळे प्रश्न विचारते, आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला माणूस विसरतो. चार, सुरतेतलं मूल दोन नव्हे, तीन-चार व्याकरणं चालवतं, आणि ज्याला आपण मातृभाषा म्हणतो ती त्याची दुसरी भाषा असू शकते. पाच, दोन भाषांच्या मध्ये उभं राहणं ही व्याकरण शिकण्याची सर्वांत उत्तम जागा आहे.

शिक्षकांना माझी विनंती दोनच गोष्टींची आहे. पहिली, वर्गात एक वही ठेवा. पानावर तीन रकाने आखा: मराठी, गुजराती, आणि घरची बोली, मग ती अहिराणी असो वा दुसरी कोणती. मुलांनाच ती भरू द्या. दुकान, ऑफिस, चहा. ‘रामाला’, ‘रामने’, ‘रामले’. ‘मी येते’, ‘हुं आवुं छुं’, ‘मी येस’. पाचवीतलं पोर कर्मणी आणि भावे प्रयोगाला घाबरतं, पण ‘सीतेला पाहिलं’ आणि ‘सीताने जोई’ यांत काय बदललं, हे त्याला विचारा. ते पाच मिनिटांत शोधून काढेल, कारण दोन्ही वाक्यं त्याच्या कानातली आहेत. पुण्यातल्या मुलाला ही सोय नाही. त्याच्याकडे तुलना करायला दुसरं वाक्यच नाही.

दुसरी विनंती तपासणीबद्दल. ‘माझी दुकान’खाली लाल रेघ मारायला माझी हरकत नाही. गुणही कापा. परीक्षा मराठीची आहे आणि मराठीत दुकान ‘माझं’च आहे. पण त्या रेघेशेजारी चार शब्द जास्त लिहा: ‘हे गुजरातीत बरोबर आहे.’ म्हणजे मुलाला कळेल की त्याला दोन नियम येतात आणि या पानावर त्यांतला एक वापरायचा आहे.